सदतीस नंबरने काय खाल्लं

माशाला माशाचा वास नव्हता. तळहाताएवढा तुकडा, पाठीकडे करडा, पोटाकडे पांढरट, कापलेल्या बाजूला मधल्या काट्याचा ठिपकासुद्धा रंगवलेला — कुठेतरी, समुद्रापासून हजार मैल लांबच्या कारखान्यात बसून कुणीतरी बारीक ब्रशने तो ठिपका काढला असणार — आणि तेलमिनाने तो उगीचच नाकाशी धरला तेव्हा फक्त नव्या चपलेचा दर्प आला. मासा रबराचा होता. चार महिने ती तो पेटीत घालून माजुरो बेटभर फिरत होती. घरोघर जायचं, म्हाताऱ्या माणसांपुढे पेटी उघडायची, रबराचा मासा, रबराचा अर्धा खेकडा, रबराची नीरफणसाची फोड हारीने मांडायची आणि विचारायचं, त्या दिवशी तुम्ही यातलं किती खाल्लंत? त्या दिवशी म्हणजे बत्तीस वर्षांपूर्वी, अमेरिकनांनी समुद्रात अणुबॉम्ब फोडून पाहिला आणि लोब्वेल बेटावर आभाळातून पांढरी भुकटी पडली त्या दिवशी. कुणी किती खाल्लं त्यावरून कुणाच्या अंगात किती विष गेलं, आणि किती विषाला किती आजार, असं ते गणित होतं.

पहिल्या दिवशी तिला वाटलं होतं, म्हातारे हसतील. ज्यांचा जन्म माशांत गेला त्यांना मासा म्हणजे काय हे रबरातून दाखवायचं! पण कुणी हसलं नाही. ते मासा हातात घेत, उलटसुलट करत, आणि मग एकदम, आत्ताच पानावरून उठल्यासारखे सांगत — असे दोन. धाकटीला एक. उरलेला संध्याकाळी. त्यावर ती भुकटी बसली होती, फुंकर मारली आणि खाल्ला.

फुंकर मारली. घरोघर हेच. दुभाषी म्हणून तिने ते शब्द इंग्रजीत इतक्या वेळा सांगितले होते की आता ते कुणाचे उरले नव्हते.

तिने मासा पेटीत ठेवला. बाहेर डॉ. हेन्शॉ टोपीने वारा घेत उभे होते. साठीचा माणूस, नाकाचं साल निघालेलं, स्वभावाने गरीब. ते उपचार करणारे डॉक्टर नव्हते, आकडेवाले होते. शनिवारच्या विमानाने ते कागद घेऊन परत जाणार होते आणि मग अहवाल लिहिला जाणार होता.

"आज शेवटचं घर," ते म्हणाले. "तुमच्याच आईला तुम्हीच प्रश्न विचारायचे... बरं नाही वाटत मला. पण दुसरं कोण मिळणार?"

"चालेल, डॉक्टर."

"आणि सदतीस नंबरचा कागदही त्यांच्याकडूनच भरून घेऊ. तेव्हा जी लहान होती त्यांचं आयांनाच विचारावं लागतं."

सदतीस नंबर म्हणजे तेलमिना. तिचा हात आपोआप उजव्या कानामागे गेला. ही खोड तिला अकरा महिन्यांपूर्वी लागली होती. तिथली कातडी गुळगुळीत होती, तिसऱ्या वर्षीच्या लेकराची असावी तशी.

पेटीतल्या फाइलीत तो फोटो होता. तिसऱ्या दिवशी अमेरिकन जहाजाने लोब्वेलच्या अठ्ठावन्न माणसांना उचललं, तेव्हा प्रत्येकाच्या हातात नंबरची पाटी देऊन फोटो काढले होते. सदतीस नंबर, मुलगी, वय तीन. पाटीने निम्मं अंग झाकलंय, मान वळवलेली आहे — डॉक्टरांनीच वळवून धरली असणार, मोठी बोटं दिसतात — आणि कानामागे भाजल्याचा काळा चट्टा, मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढा. त्याखाली चौदा महिन्यांनंतरच्या तपासणीची ओळ टाइप केलेली: व्रण पूर्ण भरला, खूणही उरली नाही, असाधारण सुधारणा. चार महिन्यांपूर्वी ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा तेलमिना कचेरीत एकटीच हसत सुटली होती, आणि हसता हसता तिला उलटी झाली होती.

कारण फोटोतली मुलगी ती नव्हतीच.

गेल्या वर्षी मावशी गेली, लिबेटा मावशी. शेवटच्या दिवशी तिने तेलमिनाचा हात धरून तिला दोनदा 'बोईना' म्हणून हाक मारली. बोईना कोण? घरी येऊन आईला विचारलं, तर आई चटईची पाती विणता विणता म्हणाली, "तूच की. तुला ठाऊक नव्हतं?" जसं काही पाऊस पडून गेलाय आणि हिलाच कळलं नाही. मग दोन-चार वाक्यांत सगळं. पहिली तेलमिना, लोब्वेलवर होती ती, उजव्या कानामागे भाजलेली, बेट सोडल्यावर वर्षभराने गेली. आधी अंगावर निळे डाग, मग हिरड्यांतून रक्त. डॉक्टरांचं जहाज तेव्हा आलेलं नव्हतं, वर्षातून एकदाच यायचं. छावणीच्या बेटावर तिला पुरलं, वर पांढरे पोवळ्याचे खडे घातले, आणि महिन्याभरात लिबेटाने आपली मुलगी आणून थोरल्या बहिणीच्या मांडीवर ठेवली. सहा महिन्यांनी लहान. त्या दिवशी लोब्वेलपासून दोनशे मैलांवर असलेली. आपल्यात बहिणीची लेकरं ती आपलीच. आई ती आई, मावशी तीही आईच. रिकामी मांडी बघवत नाही म्हणून भरायची. नावही तेच ठेवलं.

"आणि डॉक्टरांना? त्यांना का नाही सांगितलंस?"

"त्यांनी काय विचारलं होतं? सदतीस म्हणाले, नाव पुकारलं. माझ्याकडे मुलगी होती, तिचं नाव तेच होतं. नेली पुढे." पात चावून तोडत आई म्हणाली, "मेली का म्हणून विचारलं असतं तर सांगितलं असतं. कुणी विचारलंच नाही."

खोटं कुणीच बोललं नव्हतं. साऱ्या गावाला ठाऊक होतं, आणि यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं. एकतीस वर्षं दरसाल डॉक्टर येत होते, तिचा गळा दाबून बघत होते, रक्त नेत होते, आणि सदतीस नंबरपुढे लिहीत होते — निरोगी.

बेटाने वेढलेल्या खाऱ्या सरोवराच्या बाजूने रस्ता रिटा वस्तीकडे, आईच्या घराकडे जात होता. उन्हात पाण्याकडे बघवत नव्हतं. हेन्शॉ चालता चालता बोलत होते, अर्धं तिच्याशी, अर्धं स्वतःशी.

"लाख माणसं असती ना, तर मी छातीठोक बोललो असतो. माझ्याकडे आहेत अठ्ठावन्न. अठ्ठावन्नात रक्ताचा कर्करोग एक. एक म्हणजे... नशीबही असू शकतं. तिकडचे सरकारी लोक लगेच म्हणतात, योगायोग. आणि मला तो शब्द खोडता येत नाही."

"आणि दोन असते तर?"

ते थांबले. "दोन असते तर तो शब्द मी लिहू दिला नसता. इतक्या थोड्या माणसांत एका माणसाने डोंगर होतो, तेलमिना." मग कसनुसं हसले. "तसा खड्डाही होतो. मागच्या बैठकीत एकाने विचारलं, या लोकांना आपली वयं तरी धड ठाऊक आहेत का? ही यादी म्हणजे माझ्या पायाखालची जमीन. एक नाव जरी खोटं निघालं, तर ते म्हणतील, सगळीच पोकळ आहे."

झाकली मूठ. तेलमिनाने पेटी या हातातून त्या हातात घेतली. तिच्या मनात हे सगळं किती वेळा होऊन गेलं होतं! डॉक्टर, एक सांगायचंय... असं म्हणायचं, बस. मग ती तीन वर्षांची पोर, जिचा मृत्यू कुठल्याही कागदावर नाही, कारण कागदावर ती जिवंत आहे, दरसाल तिचा गळा तपासला जातोय, लग्न झालंय, इंग्रजी शिकलीय — ती पोर मरेल. शेवटी एकदाची मरेल, आणि मोजली जाईल. दुसरी. डोंगर.

हे सोपं होतं. एवढंच असतं तर चार महिन्यांपूर्वीच सांगून मोकळी झाले असते मी.

पण दहा वर्षांपूर्वीचं ते मूल. सातव्या महिन्यात आलेलं, हाडं नसल्यासारखं, दाईने तिला बघू न देता चटईत गुंडाळून नेलेलं. तरी तिला ते दिसलं होतं, चटईच्या दुमडीतून, क्षणभर. त्यानंतर नवऱ्याच्या आईने काय काय ऐकवलं — तुझ्यातच खोट, तुझ्या अंगाला चांगलं फळ धरत नाही — आणि मग गावातल्या वडीलधाऱ्यांनी, ज्यांच्या लेखी पहिलीच्या जागी आलेली ती पहिलीच, एका शब्दात सासूचं तोंड बंद केलं. भुकटी. ती लोब्वेलची आहे, सदतीस नंबर आहे, तिचा काय दोष? त्या एका शब्दाला धरून तेलमिना पुन्हा उभी राहिली होती. डॉक्टरांनी ते मूल यादीत लिहून घेतलं होतं, सदतीस नंबरपुढे, भुकटीच्या खाती. तिच्या मुलाला नाव नव्हतं, थडगं नव्हतं. तेवढी एक जागा होती.

आणि डॉक्टरांकडे दुसरीही एक यादी होती. तुलनेची. त्या दिवशी जे बेटावर नव्हते पण नंतर लोब्वेलच्या लोकांत राहायला आले, त्यांची. तिने सांगितलं की ती त्या यादीत जाणार. आणि तिच्याबरोबर मूल. डॉक्टर खेदाने मान हलवून लिहिणार, की हे बघा, भुकटी ज्यांच्यावर पडली नाही त्यांनाही अशी मुलं होतात. नुसतं खोडलं गेलं असतं तर एक वेळ... पण ते समोरच्या पारड्यात जाऊन बसणार होतं. भुकटीला निर्दोष ठरवायला. त्या पोरीला आत घ्यायचं तर मुलाला बाहेर काढायचं, आणि तेही तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला. आणि मग खोट? ती पुन्हा हिच्याच अंगात.

वर ती आठवण. तिला तर तो दिवस आठवत होता! भुकटी पडताना नव्हे, पण आईचं तोंड, अगदी जवळ, ओठांचा गोल, आणि फूऽ करून काहीतरी पांढरं उडतंय. होनोलुलूच्या सभेत तिने हे भर लोकांत सांगितलं होतं, आणि पहिल्या रांगेतली एक गोरी बाई रुमालात तोंड खुपसून रडली होती. ती आठवण कुणाची? दोनशे मैलांवरच्या पोरीला ते कसं आठवावं? अकरा महिने ती रोज ती आठवण उघडून बघत होती, विरली का म्हणून. विरत नव्हती. तेच ओठ, तेच पांढरं. चोरीचा माल घरात असावा तशी ती तिच्याजवळ होती.

आईचं घर आलं. प्लायवुडच्या भिंती, पुढे नीरफणसाचं झाड, त्याच्या सावलीत चटईवर आई, मांडीत केतकीच्या सुकवलेल्या पात्यांचा भारा. लिमोज्वा म्हातारी. वय नक्की कुणालाच ठाऊक नाही.

"आलात? त्या गोऱ्याला आधी सावलीत बसव," हात न थांबवता आई म्हणाली. "उकडलेल्या खेकड्यासारखा झालाय बिचारा."

"काय म्हणतात?" हेन्शॉंनी विचारलं.

"बसा म्हणते."

डॉक्टर बसले. पाय कुठे ठेवावेत हे त्यांना चार महिन्यांत जमलं नव्हतं. तेलमिनाने पेटी उघडली, मासा, खेकडा, फोड मांडली. आईने मासा उचलला, दाबून बघितला.

"हाच का तो? साऱ्या गावाला एकच मासा वाढताय म्हणे. येशूने तरी दोन घेतले होते."

तेलमिनाला हसू आलं. डॉक्टरही हसले, न कळताच. मग तिने कागद मांडीवर घेतला आणि प्रश्न सुरू झाले. सकाळी काय खाल्लंस? आंबवलेला नीरफणस. किती? एवढा. पाणी कुठलं प्यालात? पिंपातलं, पिवळं झालं होतं, कडू लागलं, तरी प्यालो, तहान होती. दुपारी? मासे, तुझ्या बापाने पहाटे आणलेले, उघड्यावर सुकत घातले होते. किती? असे दोन. तेलमिना लिहीत होती आणि डॉक्टरांना सांगत होती, डॉक्टर मान हलवत होते. पान संपलं. दुसऱ्या पानावर वरती सदतीस छापलं होतं.

"आणि मुलीने?" ती म्हणाली.

आईचा हात थांबला. आज पहिल्यांदाच.

"कुठल्या?"

समोर डॉक्टर पेन्सिल बोटांत फिरवत होते. त्यांना या मायलेकींचं बोलणं फार तर नमस्कारापुरतं कळायचं. तरी तेलमिनाचा आवाज खाली गेला.

"त्या दिवशी होती, तिने."

आईने मासा पुन्हा उचलला. झाडावरून एक पान पडलं, ते तिने उचलून बाजूला ठेवलं.

"तिला डोकं लागायचं," ती म्हणाली. "डोळा खायची आधी. मी म्हणायची, काटा लागेल गं, तर ऐकायची नाही. त्या दिवशी माशावर ते पांढरं बसलेलं. मी फुंकर मारली. ते उडालं, तिला गंमत वाटली, म्हणाली आणखी मार. तीनदा मारायला लावली. तोंड उघडून पुढे यायची, उडालेलं जिभेवर घ्यायला. किती हसली... अख्खा खाल्ला. वर माझ्यातला अर्धा. नंतर छावणीत काही खाईना ना ती, शेवटी शेवटी तर पाणीसुद्धा. म्हणून ते जेवण ध्यानात राहिलं. पोटभर जेवलेली ती तेव्हाचीच." आईने मासा कागदावर ठेवला, ठेवून दाबला. "अख्खा आणि अर्धा. नीट लिही. कमी लिहू नकोस तिचं."

तीनदा.

तेलमिना कागदाकडे बघत राहिली. लहानपणी आई तिच्या प्रत्येक घासावर तीनदा फुंकर मारायची. गरम असो नसो. कालच्या थंड भातावर, डब्यातल्या माशावर, शहाळ्यातल्या खोबऱ्यावरसुद्धा — तीनदा, ओठांचा गोल करून, मग घास. पोरं चिडवायची, तेलमिना, तुझी आई वेडी आहे, भाताला निजवते. सात वर्षांची झाली तेव्हा तिने आईचा हात झटकला होता. थंड आहे गं, आई! आणि आई फक्त उठून मागे गेली होती, आणि त्यानंतर तिने कधीच फुंकर मारली नाही.

म्हणजे ते ओठ खरे होते. आठवण चोरीची नव्हती, तिला भरवलेली होती, रोज, दोन वेळा, चार वर्षं. फक्त समोर बसून खात होती ती एक, आणि आई भरवत होती ती दुसरीला; किंवा दोघींना; किंवा — तो पांढरा थर या वेळी तरी नीट उडावा, एक कणही राहू नये, म्हणून पुन्हा पुन्हा... आणि मी म्हटलं, थंड आहे. मी हात झटकला.

अकरा महिने ती त्या मुलीचा विचार करत होती तो असा — की ती मोजली गेली तर माझं काय होईल. एक नंबर, एक डाग, एक दुसरी केस. तिला माशाचा डोळा आवडायचा, ती जीभ बाहेर काढून हसायची, हे या चार महिन्यांत कुठल्या रकान्यात विचारलं होतं? अठ्ठावन्न माणसांच्या माशांचा हिशेब तिला पाठ होता आणि स्वतःच्या बहिणीला काय आवडतं ते ठाऊक नव्हतं. बहीण. हा शब्द तिने मनातसुद्धा आजच उच्चारला.

आणि ते मूल? ते आहे तिथेच होतं, चटईच्या दुमडीत, तिच्याकडे बघत. ते काही कुठे गेलं नव्हतं.

"बरंच बोलल्या त्या," हेन्शॉ हलक्या आवाजात म्हणाले. "काय म्हणाल्या?"

तेलमिनाने रकान्यात आकडा लिहिला. सदतीस नंबरच्या साऱ्या फाइलीत, तो फोटो सोडला तर, एवढंच काय ते खरं होतं.

"दीड मासा, डॉक्टर."

"तीन वर्षांच्या मुलीने?" त्यांनी भुवया उंचावल्या, मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्या खाली घेतल्या. पेन्सिल थांबली होती. "एवढंच?"

आई पेटी आवरत होती. खेकडा ठेवला, फोड ठेवली. मासा उचलला, त्यावर केतकीच्या पातीचा भुसा लागला होता; तो नाकाजवळ नेऊन तिने फुंकर मारली, एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा, आणि मासा हळूच आत ठेवला. डॉक्टर वाट बघत होते. तेलमिनाचा हात कानामागे गेला. तिने बोट फिरवून फिरवून बघितलं. कातडी गुळगुळीत होती, तिथे काहीच नव्हतं, आणि ते आता दुखत होतं.